कारशेडचे कान

विजेच्या गाडीतला बिघाड आधी नाकाला कळतो, मग कानाला आणि सगळ्यात शेवटी मीटरला, असं माझे आजोबा सांगायचे. कुर्ल्याच्या कारशेडमध्ये ते फिटर होते. रेल्वेला लोक जीआयपी म्हणायचे त्या काळात चिकटलेले. आजी त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. ट्रॅक्शन मोटरच्या कार्बन ब्रशची काळी भुकटी बाकीच्या धुण्याला लागली की निघायची नाही. आजोबांच्या बोलण्यात ही भुकटी कधीच नसे. त्यांच्या गोष्टींत असायची माणसं आणि आवाज.

त्यांच्या उस्तादांनी विजेची पहिली गाडी पाहिली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते व्हीटी ते कुर्ला ही हार्बर मार्गावरची गाडी सुटली. भारतातली विजेवर धावणारी ती पहिली गाडी. तारेत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह. पण समारंभाचं वर्णन उस्ताद फारसं करत नसत. त्यांना आठवायचं ते त्यानंतरचं. वाफेवर हात बसलेली माणसं अचानक विजेसमोर आणून उभी केली होती आणि पुस्तकं सगळी इंग्रजीत. मग कुणीतरी शेडच्या फरशीवर खडूनं अख्खं सर्किट काढायचं आणि एकेक जण त्या रेषांवरून चालत जायचा: मी करंट, पॅन्टोतून आलो, या कॉन्टॅक्टरमधून गेलो, रेझिस्टन्समधून, मोटरमधून, आणि चाकावाटे रुळात उतरलो. जिथं वाट अडेल तिथं थांबून बाकीच्यांना विचारायचं. सर्किट शिकवण्याची याहून चांगली रीत मला पुढं कुठल्याही वर्गात भेटली नाही.

डीसी मोटर थांबलेली असताना तिला सगळा दाब एकदम दिला तर करंट इतका उसळतो की ती जळेल. म्हणून सुरुवातीला वाटेत रेझिस्टन्स घालायचे, वेग वाढेल तसे एकेक काढत जायचे. आधी मोटरी सिरीजमध्ये, मग पॅरललमध्ये. हे काम डब्याखालचा कॅमशाफ्ट करायचा आणि प्रत्येक पायरीला कॉन्टॅक्टर खट् करून बसायचा. आजोबांबरोबर लोकलनं जाताना मोटरकोचजवळच्या डब्यात चढायची त्यांची सवय होती. गाडी सुटली की बोलणं थांबायचं आणि ते ऐकत राहायचे. "एक खट् उशिरा आला बघ," असं म्हणून ते त्या डब्याचा नंबर खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेत. मला वेगळं काहीच ऐकू आलेलं नसे.

त्यांचे एक स्नेही कल्याणच्या लोकोशेडमध्ये होते. ते आले की विषय घाटाचा. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. तिथं मालगाड्या ओढणाऱ्या जुन्या विजेच्या इंजिनांना सगळे खेकडा म्हणत. ओल्या रुळावर चाक घसरायला लागलं की मीटरचा काटा हलायच्या आधी ड्रायव्हरला ते पायाखाली कळायचं, आणि तो नॉच कमी करून वाळू सोडायचा. हे ऐकताना मी शाळकरी होते. पण अंगाला कळलेली गोष्ट माणूस इतक्या नेमकेपणानं सांगू शकतो, याचं नवल तेव्हापासून आहे. इलेक्ट्रॉनिक्सला मी गेले त्यामागं कुठल्याही मार्कांपेक्षा या गप्पांचा वाटा मोठा.

काका मोटरमन झाले. त्यांच्या हाताखाली डेडमॅन हँडल असायचं. गाडी चालू असेपर्यंत दाबून धरायचं, सोडलं तर पॉवर जाते आणि ब्रेक लागतात. त्यांचा उजवा तळवा कडक झालेला होता. माणूस कोसळला तरी गाडी थांबलीच पाहिजे, हा विचार ज्यानं त्या हँडलमध्ये घातला त्याच्याबद्दल ते नेहमी आदरानं बोलत.

मी नोकरीला लागले ते नव्वदच्या दशकात, नाशिकला, ट्रॅक्शन कन्व्हर्टरच्या कामावर. फार मोलाचा काळ होता तो. १९९५-९६ मध्ये एबीबीची थ्री-फेज इंजिनं भारतात आली आणि १९९८ मध्ये चित्तरंजनला ‘नवयुग’ हे त्याच जातीचं पहिलं देशी इंजिन तयार झालं. त्यात जीटीओ होते, म्हणजे इशाऱ्यानं चालूही करता येतो आणि बंदही करता येतो असा थायरिस्टर. तारेतला एसी आधी डीसी करायचा आणि त्यातून पुन्हा थ्री-फेज एसी घडवायचा, हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा. मोटर त्या फ्रिक्वेन्सीमागून फिरते. रेझिस्टन्स तापवणं नाही, कम्युटेटर नाही, ब्रश नाही. आजीच्या वेगळ्या बादलीचं कारणच संपलं. ब्रेक लावताना हीच मोटर जनित्र होते आणि वीज तारेत परत जाते. पुढं जीटीओच्या जागी आयजीबीटी आले. चाकांच्या वेगांची तुलना प्रोसेसर सतत करत असतो आणि घसरण सुरू होताच त्या मोटरीचा जोर उतरवतो. त्या प्रोग्रॅमवर पहिल्यांदा काम करताना माझ्या डोळ्यांसमोर घाटातला ड्रायव्हर होता: आधी जोर कमी, मग वाळू, मग हळूहळू पुन्हा जोर. क्रम तोच होता.

एक अडचण मात्र या जुन्या माणसांपुढं कधी आली नव्हती. गाडीचा करंट रुळांतून परत जातो, आणि पुढं गाडी आहे की नाही हे सिग्नलला सांगणारा ट्रॅक सर्किटचा बारीकसा करंटही त्याच रुळांत असतो. मुंबईत डीसी होता तोवर ही ट्रॅक सर्किटं ५० हर्ट्‌झच्या एसीवर चालायची. इन्व्हर्टर बिघडून त्यानं रुळांत ५० हर्ट्‌झ सोडला, तर गाडी उभी असलेला रूळ सिग्नलला मोकळा वाटू शकतो. म्हणून नवी गाडी किती ओढते, किती पळते याच्याइतकंच ती रुळांत काय सोडते हेही मोजावं लागतं. या मोजणीत घाई करणाऱ्याशी मी नेहमीच भांडले आहे आणि त्या भांडणांचा मला अभिमान आहे.

२००७ मध्ये सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या पांढऱ्या-जांभळ्या लोकल धावू लागल्या. मी निवृत्त काकांना मुद्दाम घेऊन गेले. गाडी सुटताना चढत जाणारा तो सूर त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि विचारलं, "यात बिघाड कसा ऐकायचा गं?" मी म्हटलं, "काका, हा सूर म्हणजे आतल्या स्विचिंगचा आवाज. तो कुठं बदलतो ते ऐका." दादरपर्यंत त्यांनी तीन बदल बरोबर ओळखले.

मग डीसीच गेला. एकाच शक्तीसाठी २५,००० व्होल्टला करंट १५०० व्होल्टच्या साधारण सतराव्या हिश्शाइतका लागतो. वाढत्या गाड्यांना दुसरा उपाय नव्हता. पश्चिम मार्गावर २०१२ मध्ये, मध्यच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर ९ एप्रिल २०१६ च्या रात्री शेवटची डीसी लोकल धावली. सुरुवात झाली होती त्याच मार्गावर शेवट झाला. त्या रात्री काकांनी फोनवर मला कॅमशाफ्टच्या साऱ्या पायऱ्या क्रमानं म्हणून दाखवल्या.

त्या सुमाराचा एक पावसाळा मला फार शिकवून गेला. एका रेकमध्ये अर्थ फॉल्ट नोंदला जायचा आणि शेडमध्ये येईपर्यंत नाहीसा व्हायचा. आमच्याकडं लॉग होता, वेळ होती, करंटचा आलेख होता. जागा सापडत नव्हती. शेडमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री भेटायला आले होते. त्यांनी लॅपटॉपकडं पाहिलं नाही. "लोकल कधी वळवून उलटी लावतात का?" त्यांनी विचारलं. नाही; ती दोन्हीकडून चालते, तोंड फिरवावं लागतच नाही. "मग तिची एकच बाजू जन्मभर पश्चिमेला असते. पाऊस त्याच बाजूनं मारतो. तिकडचे केबलचे ग्लँड उघडा." तिसऱ्या ग्लँडमध्ये ओल मिळाली. आजोबांकडून हेच वाक्य मी लहानपणी ऐकलं होतं, गंजाबद्दल.

आज इंजिनांवर ‘कवच’ नावाचं यंत्र बसतं आहे. ड्रायव्हरनं लाल सिग्नल ओलांडायच्या आत ते स्वतः ब्रेक लावतं. त्याच्या चाचण्यांवर काम करणारी तरुण मुलं माझ्याकडं येतात. मी त्यांना निवृत्त मोटरमन आणि फिटर यांचे पत्ते देते आणि सांगते, प्रश्न लिहून न्या, पण आधी त्यांना बोलू द्या. एका मुलीनं परवा विचारलं, हे सगळं कुठं लिहिलेलं आहे का? फार थोडं. म्हणून आम्ही दोघींनी एक वही सुरू केली आहे: डावीकडच्या पानावर जुन्या माणसानं सांगितलेला प्रसंग, जसाच्या तसा, त्याच्या भाषेत, उजवीकडं त्याच कामासाठी आज गाडीत असलेला सेन्सर, रिले किंवा प्रोग्रॅमची ओळ. उजवीकडची काही पानं अजून कोरी आहेत. वासासाठी गाडीत अजून काहीच नाही, आणि पुढचं काम आम्ही तिथून धरलं आहे.