प्रोग्रॅमिंग भाषेचे व्याकरण आणि पार्सर

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत उन्हाळ्यात पाणीटंचाई तीव्र होते. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात असूनही तेथील अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. समजा, गावांच्या संगणकीय नोंदींतून या दोन तालुक्यांतील टँकरवर अवलंबून असलेली गावे निवडायची आहेत. त्यासाठी पुढील अट लिहिली :

तालुका = शहापूर किंवा तालुका = मुरबाड आणि टँकर = होय

माणसाला यातील हेतू कळतो. संगणक मात्र शहापूरची सर्वच गावे आणि मुरबाडची केवळ टँकरग्रस्त गावे निवडतो. नोंदींत प्रत्येक तालुक्याची ३ गावे असून त्यांपैकी प्रत्येकी १ टँकरवर असेल, तर २ गावांऐवजी ४ गावे यादीत येतील. संगणक चुकीची सूचना देत नाही. कारण वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्धच आहे. एसक्यूएलसह बहुतेक संगणकीय भाषांत 'आणि'चा अग्रक्रम 'किंवा'च्या वर असतो. हा अग्रक्रम त्या भाषेच्या व्याकरणात ठरलेला असतो आणि त्यानुसार वाक्याची फोड करणाऱ्या प्रोग्रॅमला पार्सर म्हणतात.

फोड कशी होते?

हे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात लेक्सर हा भाग अक्षरांच्या ओळीतून शब्द, चिन्हे आणि अंक वेगळे करतो. या सुट्या घटकांना टोकन म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात पार्सर ही टोकन व्याकरणाच्या नियमांशी ताडून पाहतो आणि त्यांचा रचनावृक्ष तयार करतो. कोणता घटक कोणाशी आधी जोडला गेला, हे त्या वृक्षावरून कळते. पुढील सर्व अर्थ या वृक्षावरच अवलंबून असतो.

नियमांची मांडणी

'अट म्हणजे अट किंवा अट, अथवा अट आणि अट' असा सरळ नियम केला, तर वरील वाक्याचे दोन वेगवेगळे वृक्ष निघतात. अशा व्याकरणाला संदिग्ध व्याकरण म्हणतात. संदिग्धता काढण्यासाठी नियमांच्या पायऱ्या पाडतात :

अट → अट किंवा पद | पद
पद → पद आणि घटक | घटक
घटक → ( अट ) | तुलना

येथे उभी रेघ पर्याय दाखवते. 'आणि' खालच्या पायरीवर असल्याने तो आधी जोडला जातो. कंसातील अट सर्वांत खालच्या पायरीवर असल्याने तिचा मान पहिला. आता प्रत्येक शुद्ध वाक्याला एकच वृक्ष मिळतो.

नियम लिहिण्याची ही पद्धत जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये मांडली आणि पीटर नाऊर यांनी संपादित केलेल्या अल्गोल ६० या भाषेच्या अहवालामुळे ती रूढ झाली. मोजक्या सूत्रांतून भाषेची रचना सांगण्याची परंपरा पाणिनीपर्यंत मागे जाते, म्हणून १९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी या पद्धतीला पाणिनी आणि बॅकस अशी दोघांची नावे द्यावीत, असे सुचवले होते.

पार्सर घडवणारी साधने

डोनाल्ड नूथ यांनी १९६५ मध्ये डावीकडून उजवीकडे एकाच फेरीत फोड करणाऱ्या एलआर पद्धतीचा सिद्धांत मांडला. बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात याच पद्धतीवर आधारलेले 'याक' हे साधन तयार केले. नियम दिले की ते पार्सर लिहून देते. बायसन हे त्याच घराण्यातील, तर अँटलर हे वेगळ्या पद्धतीचे साधन होय. अग्रक्रम न सांगता संदिग्ध नियम दिले, तर याक संघर्षाचा इशारा देते आणि स्वतःच एक पर्याय निवडून पुढे जाते. इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास भाषेचा अर्थ तिच्या कर्त्याने नव्हे, तर साधनाने ठरवलेला असतो. म्हणून व्याकरण बांधताना शुद्ध आणि अशुद्ध अशी दोन्ही प्रकारची नमुनावाक्ये आधी लिहून ठेवणे आणि प्रत्येक नियमानंतर वृक्ष तपासणे हितावह असते.

माणसाची भाषा

बोलीभाषेला इतके काटेकोर नियम पुरत नाहीत. पुण्यात १९२९ मध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अध्यापन केलेले अरविंद जोशी यांनी १९७५ मध्ये दोन सहकाऱ्यांसह लहान वृक्ष एकमेकांत जोडत जाणारे व्याकरण मांडले. मानवी भाषांची रचना टिपण्यासाठी ते आजही अभ्यासले जाते. बोलीतील संदिग्धता श्रोता प्रसंगावरून दूर करतो. पार्सरला प्रसंग माहीत नसतो.

म्हणूनच टँकरची यादी बिनचूक हवी असेल, तर हेतू अटीतच स्पष्ट लिहावा लागतो :

( तालुका = शहापूर किंवा तालुका = मुरबाड ) आणि टँकर = होय

कंसाच्या एका जोडीने वृक्ष बदलतो आणि यादीत तहानलेली गावेच उरतात.