लेवी पिंडांचा उलगडा

पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूपेशींतील गोलसर गुठळ्यांचे वर्णन फ्रिट्झ लेवी यांनी 1912 मध्ये केले. त्या कशाच्या बनल्या आहेत, हे मात्र दीर्घकाळ कळले नाही. नेहमीची रंगद्रव्ये आकार दाखवत, घटक नव्हे. ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड ते काम करते. 1980च्या दशकात युबिक्विटिनविरोधी प्रतिपिंडांनी गुठळ्या उठून दिसू लागल्या. पण युबिक्विटिन ही तर पेशीने टाकाऊ प्रथिनांवर लावलेली खूण. मूळ माल कोणता, हा खरा प्रश्न तसाच राहिला. 1997 मध्ये आनुवंशिक पार्किन्सन असलेल्या एका इटालियन वंशाच्या कुटुंबात अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष सापडला. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये मारिया ग्राझिया स्पिलांतिनी, मिशेल गोएडर्ट आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे वापरली. आनुवंशिक नसलेल्या, नेहमीच्या पार्किन्सनमधील गुठळ्याही ठळक रंगल्या.