छज्ज्याचें माप : दुधनीकडील घर व विजापुरी परंपरा

भिंतीच्या पुढें दोन-तीन हात निघालेलें छप्पर हें अलीकडच्या घरांचें मोठें भूषण समजलें जातें. घर बांधूं इच्छिणारास प्रथम दाखविण्यांत येतें तें त्या घराचें रंगविलेलें चित्र; आणि त्या चित्रांत छपराची लांब कड व तिच्याखालची गडद सावली हींच डोळ्यांत भरतात. ही रचना परदेशांतून आली, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा, आणि दुधनीसारख्या ठिकाणीं अशा छपराचें माप कशावरून ठरवावें, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्ही विचारास घेतले आहेत.

दुधनी हें सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यांतील, कर्नाटकाच्या सीमेलगतचें बाजारपेठेचें गांव. सोलापुराहून गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, जाणाऱ्या लोहमार्गावर तें लागतें. पाऊस बेताचा, ऊन मात्र कडक. वैशाखांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. कोंकणांत घराचें पाखें खालीं उतरतें तें पावसासाठीं. या पठारी मुलखांत जुनें घर माळवदाचें : खांबांवर तुळया, तुळयांवर आडवीं लांकडें, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि पाणी बाहेर टाकण्यास पन्हळी. मातीचा सारा भार भिंतींवर व खांबांवर, म्हणून माळवद भिंतीबाहेर फारसें येत नाहीं. सावलीचें काम चौकाभोंवतालचा सोपा करी. अर्थात् पुढें निघालेल्या छपराचा पूर्वज शोधावयाचा, तर तो या भागांतील साध्या घरांत नव्हे, मोठ्या दगडी इमारतींत शोधला पाहिजे.

शिल्पशास्त्रास हें अंग अपरिचित नव्हतें. ‘मयमत’ व ‘मानसार’ या ग्रंथांत खांबांवरील प्रस्तराच्या भागांत ‘कपोत’ म्हणून जो पुढें आलेला वळणदार घटक सांगितला आहे, तो हाच. परंतु छज्ज्यास खरी भव्यता आली ती विजापुरांत. दुधनीपासून नैर्ऋत्येस सरळ रेषेनें सुमारें ९० किलोमीटरांवर हें शहर आहे. २०१४ पासून त्याचें नांव विजयपूर. इ.स. १६२७ त वारलेल्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या रोझ्यावर कोरीव आधारांच्या दाट रांगेवर तोललेला छज्जा आहे. महंमद आदिलशहाच्या (मृ. १६५६) गोल घुमटाचा छज्जा तर भिंतीपासून दहा फुटांहून अधिक पुढें आला आहे. मेहतर महालाच्या सज्ज्यांखालचे तिरके दगडी टेकू पाहिले म्हणजे सुताराचें काम पाथरवटानें दगडांत उतरविलें हें ध्यानांत येतें. या सर्वांचें रहस्य एकच. बाहेर आलेल्या दगडाची मागली बाजू भिंतीच्या भाराखालीं दाबलेली असते; जितकें बाहेर, तितकें आंत पक्कें धरलेलें हवें.

आतां चित्रांकडे वळूं. १८६६ सालीं मेडोज टेलर व जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह विजापूरच्या वास्तुशिल्पावर जो भव्य ग्रंथ निघाला, त्यांतील मोजणीचीं चित्रें कॅप्टन हार्ट, कमिंग आणि ‘देशी नकाशेकार’ यांचीं असल्याचें त्याच्या नामपत्रावरच छापलें आहे. हार्ट व कमिंग यांचीं नांवें राहिलीं; देशी हातांचीं मात्र तेथें नाहींत. त्यापूर्वीं सुमारें सत्तर वर्षें पुण्यांत गंगाराम चिंतामण तांबट यानें इंग्रज वकील मॅलेट व चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठीं वेरूळचीं लेणीं चितारलीं. त्याचें नांव टिकलें, कारण चित्रें व कागद संग्रहांत जपले गेले. अमेरिकेंत फ्रँक लॉइड राइट याची लांब छपरांचीं घरें जगास कळलीं तीं १९१०-११ त बर्लिन येथें प्रसिद्ध झालेल्या चित्रसंग्रहामुळें. त्यांतील अनेक चित्रांचा मूळ हात मेरियन महोनी या बाईंचा. कीर्ति मात्र राइटची. याच बाई १९३६ त आपले पति वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांच्या मागोमाग लखनौस आल्या होत्या.

राइटचें शिकागो येथील रोबी घर १९०९-१० मधील. त्याचें छप्पर पोलादी तुळयांच्या बळावर खांबांच्या फार पुढें गेलें आहे. युक्ति नवी, तत्त्व विजापूरचेंच. मात्र आमचा मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे. छपराचें सामान कोठूनही आणावें. त्याचें माप आणतां येत नाहीं. शिकागो ४२ अक्षांशांच्या जवळ आहे. तेथें मध्याह्नीचा सूर्य बाराही महिने दक्षिणेसच राहतो. दुधनीचें अक्षांश सुमारें १७⅓. येथें मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत सूर्य डोक्यावर येतो, त्यानंतर उत्तरेकडे कलतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत पुन्हां डोक्यावरून दक्षिणेस जातो.

याचा हिशेब असा. दक्षिणेच्या भिंतीवर तीन फुटांचा छज्जा असेल, तर विषुवदिनीं मध्याह्नीं त्याची सावली भिंतीवर सुमारें साडेनऊ फूट उतरते, म्हणजे जवळजवळ सारी भिंत झांकते. डिसेंबरच्या अखेरीस तीच सावली साडेतीन फुटांवर येते व हवेसें ऊन घरांत शिरतें. पश्चिमेस मात्र दुपार ढळून सूर्य समोर ३० अंशांवर आला कीं त्याच छज्ज्याची सावली अवघी पावणेदोन फूट. तेथें छप्पर कितीही मिरविलें तरी उपयोग नाहीं. सोपा, जाड भिंत किंवा झाड हाच उपाय. नकाशेकारांच्या जुन्या रूढीप्रमाणें चित्रांत प्रकाश ४५ अंशांनीं येतो असें धरून छज्जा जितका पुढें, तितकीच सावली खालीं रंगविली जाते. म्हणजे तीन फुटांस तीन फूट, चारही बाजूंस सारखीच. ती दुधनीच्या दक्षिण भिंतीस बहुतेक ऋतूंत अपुरी व पश्चिमेस खोटी ठरते. चित्रावर तारीख व वेळ लिहून त्या वेळेची सावली काढावी, एवढी मागणी घरधन्यानें केली पाहिजे.

जुनें तेंच बरें असेंही आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें मेलीं, त्याचें एक मोठें कारण मातीत रचलेल्या दगडी भिंती व त्यांवरील माळवदाचा भार हें होतें. दुधनी त्या स्थळापासून फार दूर नाहीं. सिमेंटच्या पुढें आलेल्या छपरांत ताण वरच्या अंगास पडतो, म्हणून मुख्य सळ्या वर हव्या व त्या आंतल्या स्लॅबमध्यें पुरेशा लांब गेल्या पाहिजेत. त्या खालीं बसविल्या, तर चित्रांतील तीच सुंदर कड माणसांच्या अंगावर येईल.

तात्पर्य, पुढें आलेलें छप्पर या प्रदेशास परकें नाहीं. परकें आहे तें न मोजतां घेतलेलें माप. जुने वाडे व माळवदें उतरविलीं जात आहेत, आणि त्यांबरोबर खणांचीं, सोप्यांचीं, छज्ज्यांचीं मापेंही जात आहेत. आमच्या संग्राहक बंधूंचें लक्ष सनदा, बखरी व पोथ्या यांकडे असतें, तें योग्यच. परंतु दप्तरांत सांपडणारे घरबांधणीचे जमाखर्च, सुतार-पाथरवटांच्या मजुरीच्या यादी व कोऱ्या पाठीवर काढलेले कच्चे नकाशे हेही तितक्याच आस्थेनें ठेवावे. त्यांवर कारागिराचें नांव असल्यास तें प्रथम उतरून घ्यावें. आणि जेथें कागद नाहीं, तेथें वाडा पडण्यापूर्वीं दोरी व गज घेऊन त्याचीं मापें तरी टिपून ठेवावीं, अशी आमची विनंति आहे.