घरी सोडलेला पेशंट पुन्हा ॲडमिट का होतो? कारखान्यातली 'लीन' पद्धत दवाखान्यात

डिस्चार्ज झाला, फाईल घेतली, गाडी करून घरी आलो, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तोच वॉर्ड. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्यातल्या पेशंटचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरी सोडलेल्या पाच जणांमागे जवळपास एक जण ३० दिवसांत परत भरती झालेला दिसला. ऑक्टोबर २०१२ पासून तिथल्या सरकारने अशा हॉस्पिटलांचे पैसे कापायला सुरुवात केली. मग सगळ्यांना जाग आली!

उपाय शोधताना बऱ्याच हॉस्पिटलांनी 'लीन' पद्धत वापरली. ती मूळची जपानच्या टोयोटा कारखान्यातली. वाया जाणारा वेळ, फेऱ्या आणि चुका शोधून काढायच्या, आणि माणसाला दोष न देता कामाची रीत सुधारायची. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन हॉस्पिटलचे अधिकारी २००२ मध्ये खास जपानला जाऊन हे शिकून आले.

यातली सोपी युक्ती म्हणजे पाच वेळा 'का' विचारणं. समजा, हृदय कमजोर असलेले आजोबा पाय सुजून परत आले. का? अंगात पाणी साचलं. का? लघवीची गोळी बंद झाली. का? पाकीट संपलं तर कोर्स संपला असं वाटलं. का? कार्ड इंग्रजीत, कुणी वाचून दाखवलं नाही. का? ते सांगायचं काम नेमकं कुणाचं, हेच ठरलेलं नव्हतं. म्हणजे चूक आजोबांची नाहीच.

म्हणून आता काही ठिकाणी डिस्चार्जची पक्की यादी असते. सिस्टर गोळ्या समजावते आणि 'आता तुम्ही मला सांगा' म्हणून नातेवाइकांकडून वदवून घेते. पुढची तारीख घरी जायच्या आधीच देतात, दोन-तीन दिवसांत फोनही करतात. आपल्या देशात नूरा हेल्थ ही संस्था वॉर्डातच घरच्यांना काळजी घ्यायला शिकवते.

तुमच्या दवाखान्यात अशी यादी नसेल तर बिल भरायच्या आधी तुम्हीच विचारा: कोणती गोळी किती दिवस, जुनी कोणती बंद, परत कधी यायचं, आणि काय झालं तर लगेच यायचं? हृदयाच्या पेशंटने रोज सकाळी वजन करून वहीत लिहावं. आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं तर सूज दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. धाप लागली तर सरळ १०८.