मुंबईच्या चपट्या शेवंडीची सोळा वर्षे

मुंबईच्या समुद्रात दोन तऱ्हेच्या शेवंडी मिळत. एक काटेरी: हिरवट अंगाची, शेपटीच्या वळ्यांवर पांढरे आडवे पट्टे असलेली, अंगाहून लांब मिशांची. दुसरी चपटी: मिशांच्या जागी फावड्यासारखी रुंद पाती आणि डोळे कवचाच्या अगदी दोन कोपऱ्यांत. अटलांटिकमधल्या लॉब्स्टरसारख्या जाडजूड नांग्या दोघींनाही नाहीत. काटेरीचा भाव आजही चढाच असतो. चपटीचा धंदा मात्र उभा राहिला आणि बुडाला, तो अवघ्या सोळा वर्षांत.

शेवंड म्हटले की खडक आणि कपारी आठवतात. कन्याकुमारीच्या बाजूला सापडणाऱ्या जातीला तसाच किनारा लागतो. मुंबईपासून खंबातच्या आखातापर्यंत मात्र नर्मदा-तापीसारख्या नद्यांनी आणलेला गाळ आणि गढूळ पाणी. पट्टेवाल्या काटेरी शेवंडीला हेच मानवते. चपटी तर दिवसभर वाळूमिश्रित चिखलात अंग पुरून पडून राहते आणि रात्री शिंपले खायला बाहेर निघते. हाच तळ कोळंबीचाही.

तिथेच घात झाला.

साठच्या दशकापासून कोळंबीची निर्यात वाढली, तसे तळ खरवडत जाणारे ट्रॉलर मुंबईच्या बंदरांत वाढत गेले. त्यांच्या जाळ्यात कोळंबीबरोबर चपटी शेवंडही येऊ लागली. १९७८पासून तिची वेगळी मासेमारी म्हणून दखल घेतली गेली आणि गोठवलेल्या मालाला परदेशी गिऱ्हाईक मिळाले. १९९४मध्ये ही मासेमारी कोसळली. त्या ऱ्हासाचा लेखाजोखा व्ही. डी. देशमुख यांनी २००१मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’मध्ये मांडला.

एखादा मासा कमी झाला की त्याच्यामागे जाणे परवडत नाही, होड्या दुसरीकडे वळतात आणि उरलेल्या माशांना थोडी उसंत मिळते. चपटीच्या नशिबी ती उसंत नव्हती. ट्रॉलरच्या डिझेलचा खर्च कोळंबी भागवत होती. शेवंड मिळो न मिळो, जाळे त्याच तळावरून फिरणारच. मादी अंडी पोटाखाली चिकटवून वागवते, त्यामुळे ती सापडली की पुढची पिढीही तिच्याबरोबर धक्क्यावर येते. अंड्यांतून निघणारी चपटी, पारदर्शक पिल्ले आधी काही आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग तळ गाठतात. तिथे कोळंबीसाठी विणलेल्या बारीक आसाच्या जाळ्यातून कोवळी शेवंडही सुटत नाही.

कायदा आला तो यानंतर. जुलै २००३मध्ये केंद्र सरकारने निर्यातीसाठी किमान वजने ठरवली: चपटीला १५० ग्रॅम, मुंबईच्या काटेरीला ३०० ग्रॅम. पण ही अट परदेशी जाणाऱ्या मालाला होती. देशातल्या बाजारात लहान शेवंड विकायला या अधिसूचनेची आडकाठी नव्हती.

ओळख पटली ती त्याहूनही उशिरा. दीर्घकाळ या साऱ्या चपट्या शेवंडींना ‘थेनस ओरिएंटॅलिस’ या एकाच नावाखाली मोजण्याचा प्रघात होता. २००७मध्ये बर्टन आणि डेव्ही या संशोधकांनी या गटात पाच जाती असल्याचे दाखवले. भारतात प्रामुख्याने पकडली जाणारी जात त्यांतली ‘थेनस युनिमॅक्युलेटस’ असल्याचे पुढे स्पष्ट झाले. मुंबईच्या त्या सोळा वर्षांच्या नोंदी मात्र जुन्याच नावाने आहेत.