लोवस्टॉफ्टच्या खांबावर नसलेलं नाव

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग टाइप करायला बंदी, मग आळस. दोघातिघांनी मेल करून चौकशी केली, त्यांचे आभार.

माझी धाकटी लेक इंग्लंडात नॉरिचला असते हे नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. २०२३ च्या जूनमध्ये मी तिच्याकडे होते. तिच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी राहतात. मी निवृत्त इतिहास शिक्षिका आहे असं कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग तुम्ही लोवस्टॉफ्टला यायलाच हवं, ते माझं माहेर." (माहेर हा शब्द अर्थातच माझा.) माझं इंग्रजी तर्खडकरी, त्यांचं त्या किनाऱ्याकडचं. लेक मध्ये दुभाषी म्हणून. अशा तिघी एका सकाळी आगगाडीत बसलो.

लोवस्टॉफ्ट हे ब्रिटनच्या अगदी पूर्वेच्या टोकाचं गाव. एके काळी हेरिंग मासळीचं मोठं बंदर. तिथे समुद्राकडे उतरणारी एक बाग आहे, स्पॅरोज नेस्ट, म्हणजे चिमणीचं घरटं. १९३९ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या थिएटरात विनोदी कार्यक्रम चालू होते, तेवढ्यात नौदलाने बाग आणि थिएटर ताब्यात घेतलं. नट-नट्या गेल्या आणि कोळी आले. रॉयल नेव्हल पेट्रोल सर्व्हिस नावाच्या दलाचं हे मुख्य ठाणं झालं. युद्ध संपेपर्यंत या दलात साठ हजारांहून जास्त माणसं होती. त्यांतली कित्येक मूळची मच्छीमार, आणि त्यांच्या बोटीही मासेमारीच्या ट्रॉलर आणि ड्रिफ्टर. बड्या युद्धनौकांवरचे लोक त्यांना 'हॅरी टेटचं नौदल' म्हणून हिणवत. हॅरी टेट हा त्या काळचा विनोदी नट, त्याच्या प्रवेशांत सगळंच मोडकं-तोडकं असे. पुढे हे नाव ही मंडळी स्वतःच अभिमानाने मिरवू लागली.

त्यांचं मुख्य काम पाणसुरुंग काढण्याचं. मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. दुसरं महायुद्ध म्हणजे कारणं पाच, परिणाम सहा, टिपा लिहा. त्यात पाणसुरुंग हा शब्द मी एकदाही उच्चारल्याचं आठवत नाही. म्हणून जरा नीट सांगते.

जुन्या पद्धतीचा सुरुंग तळाशी नांगरलेला असतो आणि तारेच्या आधाराने पाण्याखाली तरंगतो. बोट आपटली की फुटतो. तो काढायचा तर माइनस्वीपर मागे लांब पोलादी दोर ओढत जाते. दोराला लावलेल्या कात्रीने सुरुंगाची तार तुटते, सुरुंग वर येतो, मग बंदुकीच्या गोळ्या घालून तो बुडवायचा. हे काम धोक्याचं खरं, पण निदान समजण्यासारखं. १९३९ च्या शरदात जर्मनांनी चुंबकीय सुरुंग टाकायला सुरुवात केली. त्याला बोटीने हात लावायची गरजच नाही. लोखंडी बोट डोक्यावरून गेली की आतली चुंबकाची सुई हलते आणि स्फोट होतो. नोव्हेंबर १९३९ मध्ये एक सुरुंग शूबरीनेसच्या चिखलात विमानातून चुकून उथळ जागी पडला. जॉन ऊव्री नावाच्या अधिकाऱ्याने ओहोटीच्या वेळी सहकाऱ्यांबरोबर तिथे जाऊन, चुंबकाला न लागणाऱ्या पितळी पान्यांनी तो उघडला. तेव्हा कुठे उपाय निघाला. दोन बोटींनी शेजारी शेजारी जायचं, मागे तरंगत्या जाड केबल सोडायच्या, खाऱ्या पाण्यातून विजेचे झटके द्यायचे आणि सुरुंग आपल्या मागे फोडायचे. १९४० मध्ये आवाजावर फुटणारे सुरुंग आले, तेव्हा बोटीच्या पुढच्या भागात रस्ता फोडण्याच्या यंत्रासारखा हातोडा बसवला. तो दिवसभर धडधडत राही.

हे रोजचं होतं. लंडनच्या वीजघरांचा कोळसा उत्तरेकडून बोटींनी येई. त्यांचा मार्ग आज साफ केला तरी रात्री विमानं येऊन पुन्हा सुरुंग टाकून जात. म्हणजे घरातल्या केरासारखंच. काल काढला म्हणून आज चुकत नाही!

मला मात्र त्या संग्रहालयात (बागेतच एक छोटंसं आहे, म्हातारी मंडळी हौसेने चालवतात) सुरुंगांपेक्षा एका ट्रॉलरच्या उभ्या छेदाच्या चित्राने जास्त वेळ धरून ठेवलं. खलाशांच्या झोपायच्या जागेवर बोट ठेवून आजी म्हणाल्या, "इथे आधी मासे ठेवायचे." शब्दशः. मासळीचं कोठार धुऊन तिथे फळ्यांचे बिछाने ठोकले होते. वास काही जायचा नाही. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांची झाकणं बंद. वीस-पंचवीस माणसांचा श्वास, कोळशाची शेगडी, विड्या-सिगारेटी, ओले लोकरीचे कपडे. लोखंडी पत्र्यावर वाफ धरे आणि थेंब थेंब अंगावर पडे. उत्तर समुद्रात हिवाळ्यात एकदा भिजलेला कपडा वाळत नसे, तोच पुन्हा घालायचा. अंघोळ म्हणजे बादलीभर पाणी, तेही मिळालं तर. अशा छोट्या बोटींवर नौदल थोडे पैसे जास्त देई, त्याला नाव होतं 'हार्ड लाइंग मनी'. कठीण झोपण्याचे पैसे! इतकं प्रामाणिक नाव मी दुसऱ्या कुठल्याही भत्त्याला पाहिलेलं नाही.

ट्रॉलरवर डॉक्टर नसे. औषधांची एक पेटी आणि प्रथमोपचार शिकलेला एखादा माणूस. उभा राहू शकतो तो धडधाकट असा सरळ हिशोब. समुद्र लागणं हे तर दुखणंच धरत नसत. हायोसीन हे औषध त्यावर चालतं हे युद्धातल्या चाचण्यांत नीट सिद्ध झालं आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीला जाणाऱ्या सैनिकांना ते दिलं गेलं. त्याआधी कोळ्याच्या मुलाला समुद्र लागला तर इतरांचं हसणं हेच औषध. दुपारी रमचा वाटा मिळे, वीस वर्षांखालच्यांना नाही. आणि रात्रीच्या पहाऱ्याला दाट कोको. चॉकलेटची वडी किसून, गरम पाणी आणि डब्यातलं दूध घालून केलेला. त्याला ते 'काय' म्हणत. (हो, आपलाच 'काय'. मी तीनदा "काय?" विचारलं आणि लेकीने तीनदा "हो" म्हटलं.)

स्फोटाचं दुखणं वेगळं. सुरुंग बोटीच्या खाली फुटला की डेक एकदम वर उसळतो आणि उभ्या माणसाची टाच फुटते, गुडघा मोडतो. म्हणून ज्यांना खाली काम नाही त्यांनी वर यायचं, आणि गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं. इंजिनाशी असलेल्या माणसांना ही सोय नाही. ते खालीच. पाण्यात पडलेल्या माणसाजवळ दुसरा स्फोट झाला तर अंगावर एक ओरखडा नसतो आणि आतली आतडी फाटलेली असतात. आणि थंडी. युद्धानंतर १९४६ साली एका सरकारी समितीने हिशोब मांडला, तेव्हा दिसलं की मेलेल्या नौसैनिकांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक लोक हल्ल्याच्या क्षणी नव्हे, तर बोट सोडल्यानंतर, पाण्यात मेले होते. फुगवायचं रबरी कडं बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर धरत नसे. आज विमानात नि बोटीत जी जीवरक्षक जाकिटं दिसतात, त्यांच्यामागे ही माणसं आहेत.

पण आजींचे वडील यातल्या कशानेच गेले नाहीत.

ते लोवस्टॉफ्टचेच कोळी. १९३९ ला दलात गेले, सहा वर्षं पूर्व किनाऱ्यावर सुरुंग काढले, एकदा पाण्यात पडले आणि वाचले. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आली, पण सुरुंगांना ते कोण सांगणार? समुद्र साफ करायचं काम चालूच राहिलं, त्यामुळे त्यांना घरी यायला १९४६ उजाडलं. येताना खोकला घेऊन आले. गावात एक्स-रे काढला तर फुप्फुसावर डाग. क्षय.

नौदलाला क्षय नवा नव्हता. बंद हवा आणि दाटीची झोप यांत तो पसरतो हे त्यांच्या डॉक्टरांना माहीत होतं. युद्धात नौदलाच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख असलेले शेल्डन डडली यांनी तर १९२६ सालीच याच्या जवळच्या विषयावर मोठा अहवाल लिहिला होता, आणि तो कुठे अभ्यास करून, तर एका शाळेत! ग्रिनिचच्या खलाशांच्या मुलांच्या निवासी शाळेत, घटसर्प वगैरे रोग एका खोलीत झोपणाऱ्या मुलांत कसे फिरतात ते त्यांनी वर्षानुवर्षं टिपलं. हे वाचून मला आमचा 'क' वर्ग आठवला. बाहत्तर मुलं, तीन खिडक्या, त्यांतली एक गंजून न उघडणारी. जुलैत एक मूल खोकू लागलं की पंधरवड्यात निम्मा वर्ग. मला अहवालाची गरज नव्हती, पण माझं ऐकतंय कोण. युद्धकाळात नौदलाने आपल्या ठाण्यांवर छोट्या फिल्मवर छातीचे सरसकट फोटो काढायची पद्धत सुरू केली आणि कितीतरी रोगी वेळेवर सापडले, याचं श्रेय द्यायलाच हवं. झोपायच्या दोन फळ्यांमधलं अंतर मात्र फोटोने वाढत नाही.

आजींच्या वडिलांना सॅनेटोरियममध्ये हलवलं. खाटा उघड्या व्हरांड्यात, थंडीतही. लहान मुलांना आत सोडत नसत. रविवारी आई आत जाई आणि ही सहा-सात वर्षांची मुलगी हिरवळीवर उभी राही. लांबून एक हात हलायचा. "तो बाबांचाच होता की शेजारच्याचा, हे मला आजही सांगता येणार नाही," असं त्या अगदी सहज म्हणाल्या. आमच्या लहानपणी कुणाला मिरजेला हलवलं म्हटलं की बायका आवाज खाली आणत, ते आठवलं. स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी लंडनमध्ये १९४८ ला छापून आली, पण औषध थोडं आणि रोगी फार. १९४९ च्या फेब्रुवारीत ते गेले.

बागेच्या वरच्या अंगाला बेल व्ह्यू पार्कमध्ये स्मारकाचा उंच खांब आहे, टोकाला शिडाचं जहाज. खाली ब्राँझच्या पट्ट्यांवर सुमारे चोवीसशे नावं. समुद्राखेरीज ज्यांना थडगं नाही अशांची. एकाच आडनावाचे दोघेतिघे दिसले की पोटात कसंतरी होतं. मी सवयीने विचारलं, "बाबांचं नाव कुठे?" त्या म्हणाल्या, "नाही ना. त्यांना थडगं आहे."

मग गावच्या दफनभूमीत गेलो. तिथे युद्धात मेलेल्यांचे सारखे पांढरे दगड ओळीने आहेत, त्यांतही हे नाहीत. त्याचं कारण मला लेकीने नंतर शोधून दिलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ज्यांना दुसऱ्या महायुद्धाचे मृत म्हणतं, त्यांच्या मृत्यूची तारीख ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ यांच्या आत असावी लागते. रेघ कुठेतरी मारावीच लागते, मीही पस्तीस मार्कांवर मारत आले. चौतीसवाल्याच्या आईशी बोलणं किती जड जातं हेही मला ठाऊक आहे.

गंमत बघा, त्यांच्या आईला पेन्शन मात्र मिळाली होती. १९४३ पर्यंत दुखणं नोकरीमुळेच झालं हे सैनिकाने सिद्ध करावं अशी पद्धत होती. त्या वर्षी खूप ओरड झाल्यावर नियम फिरला, आणि नोकरीमुळे झालं नाही हे सरकारने दाखवायचं असं ठरलं. भरती करताना धडधाकट होता ना, मग पेन्शनलाही पात्र, अशी तेव्हाची घोषणा होती. म्हणजे पेन्शनवाल्यांच्या लेखी तो खोकला युद्धाचा, आणि दगडवाल्यांच्या लेखी नाही. आजींना याचा राग वगैरे नाही. त्यांच्या वडिलांचा दगड साधा, करड्या रंगाचा आहे आणि त्याच्यावर आईचंही नाव आहे. पांढऱ्या ओळीत आईला जागा नसती मिळाली, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी त्यांच्या घरी चहा झाला. त्यांनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून एक चांदीचा बिल्ला काढून माझ्या तळहातावर ठेवला. आपल्या जुन्या पन्नास पैशांच्या नाण्याएवढा. मासे पकडायचं जाळं, दोन सुरुंग आणि दाभणासारख्या हत्याराने भोसकलेला शार्क. चर्चिलच्या काळात या दलासाठी मुद्दाम काढलेला, सहा महिने काम केलेल्यांना मिळायचा. कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. बाहीवर होता तेव्हा झिजला की नंतर मुलीच्या हातात, कोण जाणे.

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या लिपीत बाबांचं नाव कसं दिसेल?" मी पिशवीतून पेन काढलं, लेकीने आडनावाचा उच्चार दोनदा विचारून खात्री केली (मधलं अक्षर उच्चारत नाहीत म्हणे), आणि फळ्यावर लिहायचे तशा मोठ्या अक्षरांत, वर रेघ ओढून लिहून दिलं. नाव इथे देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. त्यांनी कागद लांब धरून, जवळ धरून पाहिला, घडी घालून बिल्ल्याबरोबर डब्यात ठेवला आणि आणखी चहा हवा का म्हणून विचारलं.