आरोग्यसेवेचे विकेंद्रीकरण : जुन्नर व आंबेगाव तालुके

दवाखाने, औषधे, कर्मचारी आणि निधी यांचा कारभार राज्य शासनाकडून जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत यांच्याकडे सोपवण्याची प्रक्रिया. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील या दोन तालुक्यांत तिचा कस लागतो तो पश्चिम भागात. पूर्वेकडे कुकडी व घोड नद्यांच्या पाण्यावर बागायत पिकते आणि नारायणगाव, मंचर येथे खाजगी दवाखाने आहेत. सह्याद्रीलगतच्या महादेव कोळी व ठाकर वस्त्यांना मात्र सरकारी केंद्राचाच आधार असतो. यांतली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. आज तळेघर, आपटाळे, मढ, ओतूर यांसारखी प्राथमिक आरोग्य केंद्रे व त्यांची उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत आहेत. घोडेगाव व नारायणगावची ग्रामीण रुग्णालये आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत थेट राज्याकडे आहेत. तळेघरहून अडलेली बाळंतीण घोडेगावी आणि तिथून मंचरला हलवली, की तिची जबाबदारी एका यंत्रणेकडून दुसरीकडे जाते. 2014 मध्ये सुरू झालेली 108 क्रमांकाची रुग्णवाहिका तर राज्य पातळीवरच्या ठेक्यावर चालते. तिन्ही ठिकाणी जाब विचारण्याचा अधिकार असलेली एकही स्थानिक संस्था नाही, आणि या व्यवस्थेतला हाच सर्वांत मोठा दोष आहे.

केंद्र कुठे असावे, हेही वरच ठरते. आदिवासी व डोंगरी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 3,000 मागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तो डोकी मोजतो, वाट मोजत नाही. डिंभे धरणाच्या फुगवट्याला वळसा घालून जावे लागणाऱ्या वस्त्यांना अशा निकषाचा फारसा उपयोग नाही.

73 व्या घटनादुरुस्तीने (1993 पासून लागू) आरोग्य व स्वच्छता हा विषय अकराव्या अनुसूचीत आला. ग्रामपंचायतीच्या वाट्याला प्रत्यक्षात आले ते मुख्यतः पाणी. पाणी निर्जंतुक करण्यासाठी विहिरीत टीसीएल (क्लोरीनयुक्त) पावडर टाकणे हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे काम. नळाच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे का, हे ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीने पाहिले जाते. पावडर ग्रामपंचायत विकत घेते, देखरेख आरोग्य सेवक करतो. पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर जोखमीनुसार गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे राहिलेल्या व साथ न आलेल्या गावाला चंदेरी. पावसाळ्यात अतिसाराची साथ येते की नाही, हे बव्हंशी याच साध्या कामावर ठरते. काम, पैसा आणि जबाबदारी एकाच हाती असल्याने विकेंद्रीकरण इथे खरोखर उतरलेले दिसते.

2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा स्वयंसेविका, रुग्ण कल्याण समिती आणि गावपातळीवरची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आणली. गावसमितीला वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित निधी ठरला. रक्कम लहान, पण गरोदर बाईला रात्री जीपने न्यायचे भाडे त्यातून देता येते; त्यासाठी पुण्याची मंजुरी लागत नाही. 2007 पासून पुण्यासह पाच जिल्ह्यांत सुरू झालेल्या आरोग्यसेवांवरच्या लोकाधारित देखरेखीत, ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने, जनसुनवाईत गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांसमोर उघडपणे प्रश्न मांडले. 2015 पासून पेसा कायद्याखालच्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या, ग्रामपंचायतींना आदिवासी घटक कार्यक्रमाच्या निधीतून पाच टक्के रक्कम थेट मिळू लागली. आरोग्यावरही ती खर्च करता येते आणि खर्चाचा निर्णय ग्रामसभेचा असतो.

याच काळात काही अधिकार उलट दिशेने गेले. 2017 मध्ये औषधखरेदी हाफकिन जीव-औषध महामंडळाकडे एकवटली, 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले. भातलावणीच्या दिवसांत लागणारे सर्पदंशावरचे प्रतिविष किंवा बिबट्याने जखमी केलेल्यांना लागणारी रेबीजची लस वेळेवर येणे त्यामुळे राज्याच्या पुरवठ्यावर अवलंबून राहिले. मार्च 2022 मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आला. प्रशासकाच्या काळात आरोग्य समितीत प्रश्न विचारणारे निवडून आलेले सदस्यच उरले नाहीत.

याउलट केरळात 1996 च्या लोकयोजनेपासून प्राथमिक आरोग्य केंद्र ग्रामपंचायतीकडे, त्यावरची रुग्णालये वरच्या पंचायतींकडे आणि सोबत नियोजन निधीचा मोठा वाटा, अशी रचना आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा आरोग्य केंद्रावर असा ताबा नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नेमणुका व बदल्या राज्य शासनच करते.